रक्तात कमी, म्हणजे शरीरात कमी? अमिनो आम्लांच्या पावडरीबद्दलच्या मेसेजला उत्तर

अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना नळीतून काय आणि किती द्यायचं, हे ठरवणं माझं काम आहे. भेटीच्या वेळेत एक गोष्ट इतक्यांदा घडली आहे, की समोरच्याचा हात पिशवीत गेला की पुढचं वाक्य मला ठाऊक असतं. पिशवीतून पावडरचा डबा निघतो. "मॅडम, हे नळीतून देता येईल का? आम्हाला मेसेज आलाय."

डब्यात अमिनो आम्लं असतात, म्हणजे प्रथिनं ज्यांच्यापासून बांधली जातात त्या विटा. मेसेज थोड्याफार फरकाने असा असतो: कोविड असो की फ्लू, ज्यांचा आजार गंभीर होतो त्यांच्या रक्तातली अमिनो आम्लं घटलेली असतात, हे संशोधनात सिद्ध झालं आहे. तेव्हा आजार बळावण्याचं खरं कारण ही कमतरता. ट्रिप्टोफॅनने प्रतिकारशक्ती वाढते, आर्जिनिनने फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, ग्लुटामिन हे पेशींचं इंधन आहे, आणि सिस्टीनपासून बनणारं एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन विषाणूचा जोर मोडतं. विषाणू आतड्यातलं शोषण बंद पाडतो, म्हणून जेवणातून भागत नाही, पावडरच हवी. सगळी द्रव्यं नैसर्गिक, अपाय शून्य. डॉक्टर सांगत नाहीत, कारण यात कोणाची कमाई नाही.

माणूस आत व्हेंटिलेटरवर आहे, बाहेर बसलेल्यांना काहीतरी करायचं आहे, आणि हा मेसेज त्यांच्या हाती काहीतरी देतो. त्यात शास्त्रीय नावं आहेत आणि पहिलं वाक्य बरंचसं खरंही आहे. त्यामुळे "अफवा आहे, सोडून द्या" असं म्हणून मला चालत नाही. एकेक मुद्दा घेऊनच उत्तर द्यावं लागतं.

"गंभीर रुग्णांच्या रक्तात अमिनो आम्लं कमी असतात"

काही कमी असतात. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या रुग्णांवर झालेल्या बऱ्याच अभ्यासांत आजार जितका तीव्र तितकं ट्रिप्टोफॅन कमी आणि त्याच्यापासून बनणारं कायन्युरेनिन जास्त, असं चित्र पुन्हा पुन्हा दिसलं. आर्जिनिन आणि ग्लुटामिनही अनेकांत घटलेलं सापडलं. पण फेनिलअ‍ॅलनिन मात्र गंभीर संसर्गात वाढतं. तेही अमिनो आम्लच आहे, आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नाही. फेनिलअ‍ॅलनिनचं टायरोसिन करायला एक सहायक रेणू लागतो. शरीरात दाह, म्हणजे संसर्गाविरुद्धची भडक प्रतिक्रिया, पेटला की तो रेणू लवकर खराब होतो, शिवाय झिजणाऱ्या स्नायूंतून आणखी फेनिलअ‍ॅलनिन रक्तात येत राहतं. "अमिनो आम्लं कमी झाली, ती भरून काढा" हे सूत्र इथेच अडखळतं. काही घटली, काही वाढली. हा वाटपातला बदल आहे.

आता रक्तातला आकडा नेमकं काय मोजतो ते पाहू. मला वाटतं सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या रक्तात, ट्रिप्टोफॅन लिटरला साधारण ६० मायक्रोमोल असतं. रक्तद्रव धरा तीन लिटर. ट्रिप्टोफॅनचा रेणुभार २०४. गुणाकार करा: सगळ्या रक्तद्रवात मिळून जेमतेम ३७ मिलिग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा याच्या कितीतरी पट भरेल. दुसरीकडे, प्रौढ माणसाच्या शरीरात रोज अंदाजे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडली जातात आणि जवळपास तितकीच नव्याने बांधली जातात. प्रथिनांत ट्रिप्टोफॅनचा वाटा एखादा टक्का धरला, तरी दिवसाला तीनएक ग्रॅमची उलाढाल झाली. ३७ मिलिग्रॅमचा साठा आणि तीन ग्रॅमची ये-जा! रेल्वेच्या फलाटावर एका क्षणी पाच माणसं उभी दिसली, तर शहरात पाचच माणसं राहतात असं आपण म्हणत नाही. गाड्या वेगाने भरून निघत असतील, तरी फलाट रिकामाच दिसेल.

ट्रिप्टोफॅनच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. रक्तातलं बहुतेक ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं. असं करणारं अमिनो आम्ल हे एकच. गंभीर आजारात अल्ब्युमिन पडतं. वाहूनच नेणारं कमी झालं, की मोकळं ट्रिप्टोफॅन फारसं न हलताही एकूण आकडा खाली येतो. रिपोर्टवर "कमी" छापून येतं, आणि त्यातला काही भाग हा नुसता अल्ब्युमिनचा हिशेब असतो.

"म्हणजे कमतरतेमुळेच आजार गंभीर होतो"

याचं उत्तर कोविडच्या चाळीस वर्षं आधी मिळायला सुरुवात झाली होती. जपानमधल्या क्योटोला ओसामू हायाइशी आणि त्यांचे सहकारी ट्रिप्टोफॅन तोडणाऱ्या एका एन्झाइमवर काम करत होते. त्याला आज आयडीओ म्हणतात. १९७९ मध्ये त्यांनी उंदरांच्या नाकातून इन्फ्लुएन्झाचा विषाणू दिला आणि फुफ्फुसातलं हे एन्झाइम दिवसागणिक मोजलं. पाचव्या दिवसाच्या सुमारास ते चढायला लागलं, अकराव्या दिवसाच्या आसपास शंभराहून अधिक पटींवर गेलं, आणि संसर्ग ओसरल्यावर पुन्हा खाली आलं. उंदरांच्या खाण्यात काही बदल नव्हता. ट्रिप्टोफॅन त्यांच्या स्वतःच्या फुफ्फुसात जाळलं जात होतं.

हे एन्झाइम इंटरफेरॉन गॅमा नावाच्या संदेशाने जागं होतं, आणि तो संदेश प्रतिकार करणाऱ्या पेशीच सोडतात. शरीर असं का करतं? एक कारण १९८४ मध्ये टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीवरच्या प्रयोगात दिसलं. इंटरफेरॉन दिलेल्या मानवी पेशींनी आपलंच ट्रिप्टोफॅन जाळून टाकलं आणि आत घुसलेल्या परजीवीची उपासमार झाली. भांड्यात जास्तीचं ट्रिप्टोफॅन घातल्यावर तो परजीवी पुन्हा वाढू लागला. टॉक्सोप्लाझ्मा म्हणजे विषाणू नव्हे, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा फ्लूवर लावता येत नाही. पण कमी झालेलं द्रव्य बाहेरून ओतण्याआधी ते कोणी आणि कशासाठी कमी केलं हे विचारायला हवं, एवढं या एका भांड्याने शिकवलं.

दुसरं कारण १९९८ मध्ये पुढे आलं. गरोदर उंदरांत हेच एन्झाइम दाबलं, तेव्हा आईच्या प्रतिकार यंत्रणेने आईपेक्षा वेगळ्या वाणाच्या पित्यापासूनचे गर्भ नाकारले. ट्रिप्टोफॅन तोडणं हा टी-पेशींना, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका जातीच्या पेशींना, आवर घालण्याचा एक मार्ग आहे. कायन्युरेनिन स्वतः टी-पेशींचा स्वभाव बदलतं, त्यांना सौम्यतेकडे झुकवतं. फुफ्फुसात दाह भडकलेला असताना हा आवर उपकारक ठरतो की विषाणूला मोकळीक देतो, हे आजाराच्या टप्प्यावर अवलंबून असतं.

तेव्हा गंभीर रुग्णात ट्रिप्टोफॅन कमी दिसतं, ते बहुतांशी दाह तीव्र असल्यामुळे. आजार जास्त म्हणून जाळणं जास्त, म्हणून रक्तात कमी. मेसेजने बाणाचं टोक उलटीकडे लावलं आहे.

आणि स्नायूंचं काय होतं, ते मी रोज बघते. विषाणूने न्यूमोनिया झाला की यकृत दाहाची प्रथिनं बनवायला लागतं. सीआरपी त्यातलंच एक, ते हजार पटींपर्यंतही चढू शकतं. त्यासाठी लागणाऱ्या विटा स्नायू मोडून येतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६३ गंभीर रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद अल्ट्रासाउंडने मोजला होता. दहा दिवसांत तो सरासरी १७.७ टक्क्यांनी आक्रसला. आकडा राहू द्या. रुग्णाला कुशीवर वळवताना सिस्टरच्या हाताला ते आधी कळतं: चौथ्या दिवशी भरीव लागणारी मांडी बाराव्या दिवशी हाताखाली सैल पडते, चादर गुडघ्याच्या हाडावर तंबूसारखी उभी राहते. या माणसाच्या शरीरात अमिनो आम्लांचा पूर चालू आहे. तो स्नायूंकडून यकृताकडे, प्रतिकार पेशींकडे, आणि बराचसा युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर वाहतो आहे. अशा वेळी रक्तातल्या आकड्याकडे बघून चमचाभर पावडर म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"ट्रिप्टोफॅन घ्या, प्रतिकारशक्ती वाढेल"

आयडीओ पेटलेलं असताना दिलेल्या जास्तीच्या ट्रिप्टोफॅनचं पुढे काय होणार? त्यातला काही भाग त्याच वाटेने कायन्युरेनिन होणार. वाढलेलं कायन्युरेनिन तर आजाराच्या तीव्रतेबरोबर चालतं. गंभीर विषाणूजन्य न्यूमोनियात ट्रिप्टोफॅनची पावडर देऊन मृत्यू कमी झाले, असं दाखवणारी एकही यादृच्छिक चाचणी (कोणाला औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणारी) माझ्यासमोर कोणी ठेवलेली नाही, आणि मेसेजही तशी कुठली चाचणी सांगत नाही.

२०२३ मध्ये दीर्घ कोविडवर एक महत्त्वाचा अभ्यास आला, त्याचाही हवाला आजकाल दिला जातो. त्या रुग्णांच्या रक्तात ट्रिप्टोफॅनपासूनच बनणारं सेरोटोनिन कमी सापडलं. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की रेंगाळलेल्या विषाणूमुळे इंटरफेरॉन चढा राहतो आणि आतड्यातलं ट्रिप्टोफॅनचं शोषण घटवतो. सुंदर काम आहे. पण ते आजार सरल्यानंतरच्या थकव्याबद्दल आणि विस्मरणाबद्दल आहे. अतिदक्षता विभागातल्या न्यूमोनियाचं उत्तर त्यात शोधणं चूक आहे.

"आर्जिनिनने फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात"

या मुद्द्यात दम आहे, आणि तो मला झटकायचा नाही. आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो. हा शोध लावणाऱ्यांना १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. टी-पेशींनाही आर्जिनिन लागतं; ते आटलं की त्यांच्या संवेदक रचनेचा एक महत्त्वाचा तुकडाच नाहीसा होतो. गंभीर संसर्गात काही पेशी आर्जिनेज हे एन्झाइम सोडून आर्जिनिन फस्त करतात, हेही खरं.

आणि चाचणीही झाली आहे. इटलीतल्या नेपल्समध्ये गंभीर कोविडच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांवर जोड म्हणून तोंडाने १.६६ ग्रॅम आर्जिनिन दिवसातून दोनदा देण्यात आलं, इतरांना निष्क्रिय औषध. २०२१ मध्ये आलेल्या १०१ रुग्णांच्या अंतरिम निकालात, दहाव्या दिवशी श्वासाचा आधार कमी करता आलेले आर्जिनिनच्या गटात ७१.१ टक्के होते, दुसऱ्या गटात ४४.४ टक्के. विसाव्या दिवशी मात्र दोन गटांत ठळक फरक उरला नाही. मला हा निकाल आशादायक वाटतो. एका ठिकाणचा, शंभर माणसांचा, अंतरिम निकाल म्हणून आशादायक. अशा निकालांनंतर मोठी चाचणी करायची असते. लगेच डबे विकत घ्यायचे नसतात.

का नाही घ्यायचे? कारण आर्जिनिनवर असा विश्वास आधीही टाकला गेला होता. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तवाहिन्या सुधारतील या आशेने अमेरिकेत १५३ रुग्णांवर चाचणी झाली, दिवसाला तीन वेळा तीन ग्रॅम. तर्क तोच, नायट्रिक ऑक्साइडचा. सहा महिन्यांत आर्जिनिन घेणाऱ्यांतले सहा जण दगावले, निष्क्रिय औषध घेणाऱ्यांतला एकही नाही. नवे रुग्ण घेणं थांबवण्यात आलं आणि २००६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. गंभीर कोविड किंवा फ्लू झालेले कितीतरी रुग्ण हृदयाचेही रुग्ण असतात. त्यांच्या घरच्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा अशी माझी विनंती आहे.

आणखी एक मेसेज फिरतो, तो याच्या बरोबर उलट आहे: आर्जिनिन हे विषाणूचं खाद्य, ते टाळा आणि लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल घ्या. त्याचा उगम नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूवरच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या निरीक्षणात आहे. हर्पीस वेगळा, डीएनए बाळगणारा विषाणू. फ्लू आणि कोरोना आरएनएचे. तिथली गोष्ट इथे चिकटवणं म्हणजे वडाची साल पिंपळाला. पण हे दोन्ही मेसेज एकाच घरात, एकाच फोनवर मी पाहिले आहेत, आणि त्या घरातल्या मुलीने मला विचारलं होतं, "मग यातलं कुठलं द्यायचं?" तिला मी दोन्ही नको म्हणाले.

"ग्लुटामिन पेशींचं इंधन आहे, ते द्यायलाच हवं"

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण इथे आमच्याच क्षेत्राने धडा शिकला आहे आणि तो महाग होता.

तर्क अतिशय पटणारा होता. ग्लुटामिन हे रक्तात सगळ्यात मुबलक असणारं अमिनो आम्ल. आतड्याच्या आणि प्रतिकाराच्या पेशी ते भराभर वापरतात. गंभीर रुग्णात ते घटतं, आणि ज्यांचं फार घटतं त्यांच्यात मृत्यू जास्त दिसतात. काही लहान अभ्यासांत फायदा दिसला. अतिदक्षता विभागांत ग्लुटामिन दिलं जाऊ लागलं, शिफारशींतही आलं. आजचा मेसेज जे सांगतो ते तेव्हा तज्ज्ञही मानत होते.

मग मोठी चाचणी झाली. कॅनडा, अमेरिका आणि युरोपातले ४० अतिदक्षता विभाग, १,२२३ रुग्ण, सगळे व्हेंटिलेटरवर आणि किमान दोन अवयव निकामी होत असलेले. निकाल २०१३ मध्ये आला. २८ दिवसांत ग्लुटामिन मिळालेल्यांपैकी ३२.४ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २७.२ टक्के. सहा महिन्यांपर्यंत पाहिलं तर ४३.७ विरुद्ध ३७.२ टक्के. शंभरामागे सहाहून अधिक मृत्यू जास्त. ज्या थोड्या रुग्णांची पातळी सुरुवातीला मोजली होती, त्यांतल्या बहुसंख्यांत ग्लुटामिन कमी नव्हतंच, हेही त्यातून कळलं. नंतरच्या विश्लेषणात मूत्रपिंड आधीच थकलेल्या रुग्णांत अपाय विशेष दिसला.

त्यानंतर २०२२ मध्ये गंभीर भाजलेल्या सुमारे बाराशे रुग्णांवरच्या चाचणीतही ग्लुटामिनचा फायदा दिसला नाही. भाजलेल्या रुग्णांत ते नक्की कामी येईल, अशी अनेकांची अपेक्षा होती.

इंधनाच्या उपमेतच एक खाच आहे. विषाणूला स्वतःचं चयापचय नसतं. तो आपल्या पेशीचीच भट्टी वापरतो. १९५० च्या दशकातच प्रयोगशाळेत वाढवलेल्या हीला नावाच्या मानवी पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं होतं, की पोलिओचा विषाणू तयार व्हायला पेशीला ग्लुकोज आणि ग्लुटामिन लागतं. पुढे कोविडच्या विषाणूबाबतही दिसलं, की तो घुसलेल्या पेशीचं सेरिन (एक अमिनो आम्ल) आणि फोलेट (एक जीवनसत्त्व) यांच्याभोवतीचं चयापचय आपल्या आरएनएच्या बांधणीकडे वळवतो. "पेशींना बळ" देणारी वस्तू कुठल्या पेशीला मिळणार, बाधित की निरोगी, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

"एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन विषाणूचा जोर मोडतं"

याच्या बाजूने एक जुना, नीट केलेला अभ्यास आहे आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीत २६२ जणांना, बहुतेक वयस्कर, सहा महिने ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा निष्क्रिय औषध दिलं. फ्लूचा संसर्ग दोन्ही गटांत सारखाच झाला. पण संसर्ग झालेल्यांपैकी लक्षणं उमटलेले औषधाच्या गटात २५ टक्के, दुसऱ्यात ७९ टक्के. म्हणजे विषाणू अडला नाही, त्याचा त्रास कमी झाला. सिस्टीनपासून ग्लुटाथायोन बनतं आणि ते पेशींची होरपळ कमी करतं, या समजुतीशी हे जुळतं.

पण त्यांनी औषध संसर्गाआधीपासून महिनोन्‌महिने घेतलं होतं, आणि मेसेज सांगतो ते गंभीर झालेल्या रुग्णाबद्दल. त्या प्रश्नाचं उत्तर ब्राझीलमधल्या चाचणीने दिलं: गंभीर कोविडचे १३५ रुग्ण, शिरेतून तब्बल २१ ग्रॅम. व्हेंटिलेटर लागण्याचं प्रमाण औषधाच्या गटात २०.६ टक्के, दुसऱ्यात २३.९. फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही.

"विषाणू आतड्यातलं शोषण बंद पाडतो"

कोविडचा विषाणू ज्या एसीई-२ ला धरून पेशीत शिरतो, तेच प्रथिन आतड्यात ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्लं आत घेणाऱ्या वाहकाला सांभाळतं. २०१२ मध्ये एसीई-२ नसलेल्या उंदरांत हे शोषण बिघडलेलं दिसलं होतं, त्यामुळे शंका रास्त आहे. पण त्या उंदरांत एसीई-२ जन्मापासून कुठेच नव्हतं. संसर्गात ते तसं समूळ नाहीसं होत नाही, आणि फ्लूचा विषाणू तर एसीई-२ वापरतच नाही. शिवाय शोषणाची वाट खरंच बंद असेल, तर तोंडाने घेतलेली सुटी अमिनो आम्लं तरी कुठून आत जाणार? प्रथिनं पचून तयार होणारे दोन-तीन अमिनो आम्लांचे छोटे दुवे वेगळ्या वाहकातून शिरतात. म्हणजे या तर्काने गेलं तर साधी प्रथिनं सुट्या पावडरीपेक्षा बरी ठरतात.

"नैसर्गिक आहे, अपाय नाही"

ग्लुटामिनचे आणि आर्जिनिनचे आकडे वर दिलेच आहेत. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्यांत असह्य स्नायूदुखी आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशींची प्रचंड वाढ असा विकार पसरला. दीड हजारांवर लोक आजारी पडले, तीसहून अधिक दगावले. धागा एकाच उत्पादकाच्या मालातल्या अशुद्धीपर्यंत पोचला. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनने असं कधी होत नाही. कारखान्यात तयार केलेली, वेगळी काढलेली पावडर ही अन्नाइतकी निरुपद्रवी असतेच असं नाही. आणि ज्याचं यकृत किंवा मूत्रपिंड थकलं आहे, त्याच्या शरीरात जास्तीच्या अमिनो आम्लांतला नायट्रोजन अमोनिया आणि युरिया होऊन साचतो.

"डॉक्टर सांगत नाहीत, कारण कमाई नाही"

२०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने डेक्सामेथासोन हे जुनं, पेटंट संपलेलं, अत्यंत स्वस्त औषध तपासलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, आणि काही आठवड्यांत ते जगभर वापरात आलं. त्यात कोणाची मोठी कमाई नव्हती. त्याच चाचणीत ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांना या औषधाचा फायदा झाला नाही. टप्पा चुकला की तेच औषध निरुपयोगी.

माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. डेक्सामेथासोन स्टेरॉइड आहे, आणि स्टेरॉइडने स्नायूंची झीज वाढते. नुसता अमिनो आम्लांचा हिशेब मांडला, तर हे औषध वाईटच ठरायला हवं होतं. तरी ते जीव वाचवतं, कारण ते दाहावर, म्हणजे ज्याच्यामुळे ही सगळी उलथापालथ चालू आहे त्याच्यावर काम करतं.

मग प्रथिनांचं काही महत्त्वच नाही का? आहे, आणि माझा दिवस त्यातच जातो. उपाशी ठेवलेला रुग्ण जास्त झिजतो, उशिरा उठतो, खोकायला त्याच्यात ताकद राहत नाही. पण जास्त म्हणजे चांगलं, असंही नाही. २०२३ मध्ये १६ देशांतल्या सुमारे तेराशे रुग्णांवरच्या चाचणीत वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २.२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिनं आणि १.२ ग्रॅम किंवा कमी, अशी तुलना झाली. जास्तीच्या गटातले लवकर घरी गेले नाहीत, आणि मूत्रपिंडाला इजा झालेल्यांत जास्त प्रथिनांनी नुकसान होत असल्याची चिन्हं दिसली. म्हणून आम्ही पहिल्या दिवसांत हळू चढतो, रोज युरिया आणि क्रिएटिनिन हे मूत्रपिंडाचं काम सांगणारे आकडे बघतो, आणि आकडा रुग्णागणिक बदलतो.

गेल्या वेळी एका मुलाने डबा पुढे केला, तेव्हा मी तो घेतला नाही, पण त्याला खुर्ची दिली आणि त्याच्या वडिलांचा फीडचा तक्ता दाखवला. ठरलेलं होतं दीड लिटर. आदल्या दिवशी प्रत्यक्षात गेलं होतं नऊशे मिलिलिटर. स्कॅनसाठी नळी बंद ठेवली होती, परत आल्यावर पालथं झोपवलं, मध्ये एकदा पोट भरून आलं म्हणून थांबवलं, आणि पुन्हा सुरू करायचं दोन तास राहून गेलं. तो बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हे सहाशे मिली रोज विचारायचे." त्या दिवसापासून तो भेटीच्या वेळी आला की आधी सिस्टरला विचारायचा, काल किती गेलं. तिसऱ्या दिवशी तक्त्यावर चौदाशे होते.